बॅनरवर आडव्या पांढऱ्या रेघा, हेड साफ करून थकलो, मदत करा

शहापूर_बोर्डवाला
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं बोर्ड-बॅनरचं दुकान आहे. मशीन ३.२ मीटर रुंदीचं, सॉल्व्हंट शाईचं, शाई उडवणारी हेडं कोनिका ५१२आय, चार रंगांना चार. दहा दिवस झाले, प्रिंटवर आडव्या पांढऱ्या रेघा येऊलालेत. मंडळांची कामं अंगावर आहेत आणि रोज एखादा बॅनर परत मारावा लागतोय.

आतापर्यंत केलेलं सगळं सांगतो. चारही हेडं रोज पर्ज केली, म्हणजे दाबानं शाई सोडून साफ केली. दोन रात्री हेडाखाली साफ करायच्या सोल्युशनचा बोळा ठेवला. मॅजेंटाच्या, म्हणजे गुलाबी-लाल शाईच्या, हेडाचा व्होल्टेज थोडा वाढवला. हीटर ४० वरून ५० केला. दीड लिटर सोल्युशन संपलं. नोझल टेस्ट मारली तर बरी येते, मॅजेंटात तीन-चार नोझल (शाईची बारीक छिद्रं) नाहीत इतकंच. तरी बॅनरवर रेघा आहेतच.

भरीस भर म्हणजे मोठा लाल भाग असला की तीन-साडेतीन मीटरनंतर लाल फिका पडत जातो.

एका मेकॅनिकनं फोनवरच सांगितलं की हेड गेलंय, नवीन घाला. सीझनच्या तोंडावर एवढा खर्च झेपणारा नाही, आणि घालून रेघा राहिल्या तर काय करायचं? दोन फोटो टाकलेत, एक पूर्ण बॅनरचा आणि एक जवळून. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

निपाणी_प्रिंट
सोमवार, रात्री ११:०५

आधी तो व्होल्टेज मूळ जागी आण भावा. प्रत्येक हेडच्या लेबलवर त्याचा स्वतःचा आकडा छापलेला असतो, तो टाक. व्होल्टेज वाढवून नोझल उघडत नाही. शाई जास्त उडते, अक्षराभोवती धुरळा बसतो आणि हेडाचं आयुष्य कमी होतं. अर्थिंगही बघून घे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टच्या वर दिसलं तर इलेक्ट्रिशियन बोलव.

---

हेडवाले_काका
मंगळवार, सकाळी ७:२०

फोटो मोठा करून बघितला. बाळा, आजपासून पर्ज बंद. हेड धुवायच्या आधी प्रिंट वाचायची असते. मी सतरा वर्षं ही मशीनं उघडतोय. ज्या हेडांना लोकांनी "गेलं" म्हणून बाजूला टाकलं त्यातली कितीतरी धुऊन-धुऊन मेली होती, मूळ दुखणं दुसरीकडंच होतं. म्हणून कळकळीनं सांगतो, घाई करू नकोस.

पट्टी घे, स्टीलची, मिलिमीटरवाली. तुझ्या हेडात ५१२ नोझल आहेत आणि ती ३६० डीपीआयवर बसवलेली आहेत. म्हणजे एका फेरीत हेड साधारण ३६ मिलिमीटर उंचीचा पट्टा झाकतं. तू तीन पासवर, म्हणजे प्रत्येक पट्टा तीन फेऱ्यांत पुरा करून, मारत असशील तर कापड दर वेळी १२ मिलिमीटर पुढं सरकतं, दोन पासवर १८, चार पासवर ९. आता दोन रेघांतलं अंतर मोज.

अंतर नेमकं पासाइतकं असेल तर फीडकडं, म्हणजे कापड सरकण्याकडं, बघायचं. रेघ पांढरी असेल तर कापड जरुरीपेक्षा जास्त सरकतंय, काळपट असेल तर कमी सरकतंय आणि एक पास दुसऱ्यावर चढतोय. नोझल बंद असेल तर ती रेघ फक्त त्या एका रंगात दिसेल आणि पास बदलला की तिची जागा बदलेल. सगळ्या रंगांत एकाच ठिकाणी रेघ असेल तर चार हेडांतली नोझलं एकाच ओळीत एकाच दिवशी बंद पडली असं मानावं लागेल. तसं होत नाही.

तुझ्या फोटोत निळ्यातही रेघ आहे आणि पिवळ्यातही.

मॅजेंटा फिका पडतो ते वेगळं दुखणं आहे. दोन आजार एकत्र झालेत म्हणून तू गोंधळलास. मला एवढं सांग: रेघा बॅनरभर सारख्या आहेत की एका बाजूला जास्त? आणि वरून खाली सारख्या आहेत की मध्येच गायब होऊन परत येतात?

---

शहापूर_बोर्डवाला
मंगळवार, दुपारी १:१५

काका, पट्टी लावली. मी तीन पासवर मारतो आणि रेघा बरोबर १२ मिलिमीटरवर आहेत. हे मी दहा दिवसांत एकदाही मोजलं नव्हतं.

बाजूचं तुम्ही विचारलंत आणि माझ्या अंगावर काटा आला. रेघा उजवीकडं ठळक आहेत. डाव्या टोकाला जवळजवळ नाहीतच.

वर-खालीचं मला कळत नव्हतं, ते आमच्या आप्पांनी दाखवलं. आप्पांनी चाळीस वर्षं ब्रशनं बोर्ड रंगवले. खडेबाजार, गणपत गल्ली, अनगोळ, कुठंही जा, जुन्या भिंतीवर त्यांचं अक्षर सापडेल. दोरीला खडूची पूड लावायची, दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, की आडवी रेघ उठते आणि त्या रेघेवर शिरोरेखा. आता ते दुकानात बॅनर कापतात आणि आयलेट मारतात. काल रात्री त्यांनी फुकट गेलेला बॅनर टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि प्रत्येक ओळीच्या शिरोरेखेवरून बोट फिरवत गेले. म्हणाले, "ही ओळ चांगली, ही चांगली, ही तुटली, ही तुटली, ही परत चांगली. ह्याला ठेका आहे बघ."

आज मोजलं. चार-पाच रेघा ठळक, मग हळूहळू फिकट, मग काहीच नाही, मग परत ठळक. ठळक ते ठळक अंतर १८ ते १९ सेंटिमीटर. पाच ठिकाणी मोजलं, पाचही ठिकाणी तेवढंच.

व्होल्टेज लेबलवरच्या आकड्यावर आणलाय. निपाणीच्या दादांचे आभार.

---

हेडवाले_काका
मंगळवार, दुपारी १:४०

आप्पांना माझा नमस्कार सांग. अर्धं काम त्यांनी केलं.

ठेका असेल तर काहीतरी गोल फिरतंय. कापड सरकवणाऱ्या फीड रोलरचा व्यास मोज.

---

चंदगड_डिझाईन
मंगळवार, दुपारी ३:३०

काका, एक शंका. माझ्या बॅनरमध्ये शिरोरेखा स्वच्छ येते, पण काना, वेलांटीचा दांडा, ह्या सगळ्या उभ्या रेघा करवतीच्या दात्यांसारख्या दिसतात. तीही फीडचीच चूक का? आमची प्रिंट गडहिंग्लजला करून घेतो. प्रिंटवाले दादा म्हणतात फाईल खराब आहे.

---

हेडवाले_काका
मंगळवार, संध्याकाळी ५:१०

नाही ताई, ती फीडची नाही आणि फाईलचीही नाही. हेड जाताना आणि येताना दोन्हीकडं शाई टाकतं. दोन्ही दिशांची जुळणी हलली की उभी रेघ एका पासात इकडं आणि पुढच्या पासात तिकडं पडते, म्हणून दाते दिसतात. बाय-डायरेक्शनची कॅलिब्रेशन मारायला सांगा. ती करायच्या आधी एन्कोडरची, म्हणजे हेडाची जागा मोजणारी, पारदर्शक पट्टी बिनधाग्याच्या कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हातानं पुसायची. हेडाची उंची कापडापासून किती आहे तेही बघायचं, उंची बदलली की ही जुळणी परत करावीच लागते.

शहापूरच्या आप्पांनी दाखवलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवा. मराठी मजकूर हाच आपला टेस्ट चार्ट आहे. शिरोरेखा तुटली किंवा दुहेरी झाली तर फीड बघायचं, काना करवती झाला तर दोन दिशांची जुळणी बघायची.

---

चंदगड_डिझाईन
मंगळवार, संध्याकाळी ५:४५

आणि कापड वाचवायला रिपमध्ये (फाईल प्रिंटसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डिझाईन ९० अंशात फिरवलं असेल तर? आमची बरीच कामं तशीच लावतात.

---

हेडवाले_काका
मंगळवार, संध्याकाळी ६:००

शाब्बास. तेव्हा सगळं उलटं वाचायचं. काना तुटला तर फीड, शिरोरेखा करवती झाली तर जुळणी. म्हणून प्रिंट तपासताना ती मशीनमधून कुठल्या बाजूनं बाहेर आली ते मागच्या बाजूला पेन्सिलनं बाणानं लिहून ठेवा.

---

चिकोडी_दोनलिप्या
मंगळवार, रात्री ९:२०

आमच्याकडं दोन्ही लिप्यांतली कामं येतात म्हणून लिहितो. कन्नड अक्षर गोल आहे, वर फक्त छोटा तलकट्टू असतो, सलग शिरोरेखा नाही. त्यामुळं फीडची बारीक चूक कन्नड मजकुरात लपते आणि मराठीत लगेच दिसते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर नामफलकावर ६० टक्के कन्नड लागतं. मराठी ओळ खाली लहान अक्षरात जाते आणि तिची शिरोरेखा दोन-तीन मिलिमीटरची उरते. ती नेमकी पासाच्या सांध्यावर आली की गिऱ्हाईक म्हणतं अक्षर मोडलं. त्याचं बरोबर असतं. नावाचं अक्षर मोडलेलं कुणाला चालेल?

शहापूरच्या दादाला एक विचारायचं होतं. कुठल्या मालावर मारताय? ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेनं कर्नाटकात प्लास्टिकच्या बॅनरवर आणि फ्लेक्सवर बंदी आहे, म्हणून आम्ही कापडावर गेलो. कापडाची स्टेप, म्हणजे दर पासाला माल किती सरकवायचा तो आकडा, वेगळी ठेवावी लागते कारण कापड ताणतं. फ्लेक्सची जुनी स्टेप कापडाला वापरली तर रेघ येणारच.

---

शहापूर_बोर्डवाला
मंगळवार, रात्री १०:१०

आम्हीही कापडावरच आलोय. गेल्या महिन्यात स्वस्त पडलं म्हणून जरा विरळ विणीचं कापड आणलं. शाई मागच्या बाजूला उतरते, पण वाळल्यावर चालून जातं.

स्टेप बदलून बघितली काका. ठळक जागची रेघ गेली तर फिकट जागी काळी रेघ आली. फीड रोलरचा व्यास ६० मिलिमीटर आहे.

---

उद्यमबाग_टर्नर
मंगळवार, रात्री ११:३०

प्रिंटिंगमधलं मला काही कळत नाही. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो, हायड्रॉलिकचे पार्ट. मेहुण्याचं फ्लेक्सचं दुकान आहे म्हणून हा धागा वाचत होतो. पण रोलर म्हटलं की बोलावंसं वाटतं.

६० व्यासाच्या रोलरचा परीघ १८८ मिलिमीटर. तुमचा ठेका १८ ते १९ सेंटिमीटर. म्हणजे रोलरच्या एका फेऱ्याला एकदा चूक होते. रोलर वाकडा तरी आहे, नाहीतर त्याच्या एका जागी काहीतरी चिकटलंय. तुमची चूक फक्त उजवीकडं आहे, म्हणून मला चिकटल्यासारखं वाटतं. वाकडा असता तर बहुधा मधोमध जास्त दिसला असता.

किती जाड थर पुरतो याचा हिशेब करून दाखवतो. रोलरची त्रिज्या ३०. तुम्ही मोटरला सांगता १२ मिलिमीटर फिरव. जिथं ०.३ मिलिमीटरचा थर बसलाय तिथं त्रिज्या ३०.३ झाली. तेवढ्याच कोनात कापड १२.१२ सरकलं. ०.१२ मिलिमीटर जादा. काका म्हणतात ३६० डीपीआय, म्हणजे दोन ठिपक्यांत ०.०७ मिलिमीटर. जादा सरकलेलं अंतर दीड ठिपक्याच्याही वर जातंय. रेघ दिसणारच. आणि ०.३ म्हणजे किती, तर पोस्टकार्डापेक्षा जरासं जाड. डोळ्याला दिसणार नाही, पण बोटाला कळेल.

उद्या मशीन पूर्ण बंद करून, मेन स्विच काढून, रोलरवर उघडं बोट फिरवा. बाजारात पाठवायच्या आधी आम्ही प्रत्येक शाफ्टवर असंच बोट फिरवतो. रोलरचा वाकडेपणा मोजायला डायल गेज हवा असेल तर गुरुवारी माझी सुट्टी आहे, घेऊन येतो. पैसे नकोत.

---

खानापूर_पावसाळी
बुधवार, सकाळी ६:५०

रोलरचं बघाच, पण कापडाचे रोल जमिनीवर उभे ठेवलेत का? आमच्याकडं ह्या दिवसांत भिंतीला हात लावला तर ओला होतो. रोलची खालची कड दमट होते, कापड तेवढ्या बाजूला लांबतं आणि तिरकं चालतं. मी फळीवर आडवे ठेवतो आणि आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणतो. दमट मालावर शाई पसरूनही बसते, मोठ्या रंगात ढग दिसतात, आणि लोक त्यालाही हेडचा दोष समजतात.

---

शहापूर_बोर्डवाला
बुधवार, रात्री ११:५५

सापडलं!!

सकाळी मेन स्विच काढला, मागचं कव्हर उघडलं, रोलरवर बोट फिरवलं. डावीकडून निघालो, मधेपर्यंत गुळगुळीत. उजव्या टोकाच्या अलीकडं दोन फुटांत बोट अडलं. बॅटरी लावली तर काळपट लाल पापुद्रा. हाताच्या पंज्याएवढा, पोपड्यासारखा, रोलरच्या एकाच बाजूला.

तो कसा बसला ते आठवलं आणि वाईट वाटलं. छोटं काम मारून झालं की उरलेलं कापड फुकट जाऊ नये म्हणून मी ते बॅक फीडनं मागं ओढतो आणि शेजारच्या मोकळ्या जागेत दुसरं काम मारतो. आमच्या मशीनचा आरंभ उजवीकडून, म्हणून छोटी कामं सगळी उजवीकडंच. विरळ कापडातून शाई मागं उतरलेली असायची, पूर्ण वाळलेली नसायची, आणि मी ते तसंच रोलरवर ओढायचो. महिनाभर रोज.

काढायला चार तास लागले. ब्लेड लावणार होतो, पण आप्पा म्हणाले रोलरला चर पडला तर जन्माचं दुखणं. मग सोल्युशनमध्ये भिजवलेलं कापड दहा-दहा मिनिटं दाबून धरलं आणि आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं हलक्या हातानं खरवडलं. हातमोजे, मास्क, पंखा, दार उघडं. निघताना पापुद्र्याचे थर दिसत होते, लाल, त्याखाली निळा, त्याखाली काळा, कुठल्या दिवशी कुठलं काम केलं ते वाचता येईल असे.

रात्री आठला टेस्ट मारली. ठेका गेला. डावीकडं आणि उजवीकडं सारखं. एकसारखी अगदी बारीक काळी रेघ उरली होती, ती चिकोडीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं ह्या कापडाची वेगळी स्टेप सेव्ह करून घालवली. आप्पांनी परत बोट फिरवलं. काही बोलले नाहीत, कात्री घेऊन कापायला बसले.

टर्नर दादा, तुम्ही गुरुवारी या. गेज लावून बघूच, आणि आमच्याकडं जेवूनच जायचं.

---

हेडवाले_काका
गुरुवार, सकाळी ७:०५

जीव भांड्यात पडला. कापड दाबून धरणारे रबराचे पिंच रोलरही पुसून घे, पण त्यांना सोल्युशन लावू नकोस, रबर फुगतं. आयसोप्रोपिल किंवा साबणाचं पाणी, आणि कोरडं करून मगच कापड घाल.

आता मॅजेंटा. पूर्ण मॅजेंटाचा चार मीटरचा पट्टा मार आणि लगेच नोझल टेस्ट मार. मग दहा मिनिटं मशीन शांत ठेव, पर्ज करायचं नाही, परत नोझल टेस्ट मार. पहिल्या टेस्टमध्ये नोझलांचा घोळका गायब असेल आणि दुसऱ्यात आपोआप परत आला असेल तर हेड उपाशी आहे, म्हणजे त्याला शाई पुरत नाही, ते बंद नाही. मग शाईच्या वाटेवरचे फिल्टर, डँपर, सबटँकचा (शाईच्या छोट्या टाकीचा) हवेचा मार्ग, पंप या क्रमानं बघायचं. दोन्ही टेस्टमध्ये तीच नोझलं नसतील तर ती खरंच बंद आहेत.

तिसरा प्रकारही सांगून ठेवतो. अख्खा एक तुकडा सरळ रेषेत कापल्यासारखा गायब झाला तर केबल किंवा बोर्ड. दोन हेडांच्या डेटा केबल अदलाबदल करून बघायच्या, दोष दुसऱ्या रंगात गेला तर हेड निर्दोष. पण हे मशीन पूर्ण बंद करून पाच मिनिटं थांबल्यावरच. चालू मशीनमध्ये केबल काढून हेड आणि बोर्ड दोन्ही जाळलेली माणसं मी बघितलीत.

---

शहापूर_बोर्डवाला
गुरुवार, रात्री ९:३०

दहा मिनिटांनी सगळी नोझलं परत आली, ती जुनी तीन-चार सोडून. मॅजेंटाचा फिल्टर काढला. कधी बदलला होता ते आठवेना, वहीत बघितलं तर नोंदच नाही. प्रकाशाकडं धरला तर आरपार काही दिसत नाही, बाकी तिघांतून दिसतं. नवीन घातला, नळीतली हवा काढली, सहा मीटर सलग लाल मारला. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापून शेजारी ठेवले. आप्पांनाही फरक सांगता आला नाही.

टर्नर दादा दुपारी आले होते. गेज लावला, रोलर हातानं पूर्ण फिरवला, काटा ०.०४ च्या आतच हलला. म्हणाले रोलर सरळ आहे, सुखानं काम कर.

बॅक फीड बंद केलंय. उरलेलं कापड वेगळं ठेवतो, पूर्ण वाळलं की दुसऱ्या दिवशी पुढूनच घालतो. फिल्टरच्या तारखा आता मशीनवर मार्करनं लिहिल्यात, चारही रंगांच्या.

---

निपाणी_प्रिंट
गुरुवार, रात्री १०:००

मीही आज रोलरवर बोट फिरवलं. आमच्याकडं पापुद्रा नाही, पण पॅकिंगच्या चिकटपट्टीचा एक तुकडा निघाला. कधीपासून होता देव जाणे.

---

चंदगड_डिझाईन
शुक्रवार, सकाळी १०:१५

आमच्या प्रिंटवाल्या दादांना हा धागा वाचायला दिला. एन्कोडर पट्टी पुसून जुळणी केली, कान्याचे दाते गेले. आता मी एक छोटी पट्टी करतेय, प्रत्येक बॅनरच्या कडेला कापून टाकायच्या जागेत बसेल अशी. एकीकडं जाड शिरोरेखा, एकीकडं बारीक, आणि "काका बाबा मामा दादा" असे कान्यांचे शब्द, तेच ९० अंशात फिरवून परत. चिकोडीच्या दादांनी कन्नडची एक ओळ दिली तर तीही घालते. आप्पांना विचारा ना, शिरोरेखा किती मिलिमीटरची ठेवू?

---

शहापूर_बोर्डवाला
शुक्रवार, सकाळी ११:००

विचारलं ताई. आप्पा म्हणतात तीन ठेवा: दोन, पाच आणि बारा मिलिमीटर. दोनची सगळ्यात आधी तुटते. आणि पट्टी उजव्या टोकालाही लावा, डाव्या टोकालाही, एकाच बाजूला लावून भागणार नाही.

---

चिकोडी_दोनलिप्या
शुक्रवार, सकाळी ११:२०

कन्नड ओळ संध्याकाळी पाठवतो, अक्षरांच्या बाह्यरेषा करून, म्हणजे रिपमध्ये फॉन्ट फुटणार नाही.